आईनं तपासलेली युकुलेली

आमच्या घरात कुठलीही वस्तू सरळ येत नाही. आधी ती आईच्या तपासणीतून जाते.

आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, एकामागून एक काचा बदलायच्या आणि त्याच त्या शांत आवाजात विचारायचं, "हे बरं, की हे?" संध्याकाळी घरी आली की ती अंगावरचा पांढरा कोट काढते, पण तो प्रश्न काही काढून ठेवत नाही. पडदे घ्यायचे, तरी हा बरा की हा? कांदा चिरायचा, तरी एवढा बारीक बरा की एवढा? बाबा म्हणतात, लग्नाआधी तिनं त्यांना एकाच आठवड्यात दोनदा भेटायला बोलावलं होतं, पहिला बरा की दुसरा ते बघायला.

"दोन्ही वेळा मीच होतो," बाबा येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. "आणि हिनं दुसऱ्याला पसंत केलं. मला त्या पहिल्याचं अजून वाईट वाटतं."

बाबा गाडी चालवायला शिकवतात. शिकवणाऱ्याच्या पायाशी जो एक जादा ब्रेक असतो, तो त्यांच्या अंगात इतका मुरलाय की सोफ्यावर बसूनसुद्धा मध्येच त्यांचा उजवा पाय फरशी दाबतो. मी जरा काही जास्त बोलायला लागले की हमखास दाबतो. आणि या वर्षी मी बरंच बोलायला लागलेय. त्यामुळे घरात माझं नाव 'भोंगा' पडलंय. मला ते आवडतं. भोंगा लांबवर ऐकू जातो.

तर झालं असं, की आमच्या शाळेत दर मंगळवारी पहिल्या तासाच्या सुरुवातीला वर्गावर्गातल्या स्पीकरवरून मुलांचं वार्तापत्र सुरू होणार होतं. त्याच्या आधी वाजवायला एक छोटी धून हवी होती. मी युकुलेलीवर, म्हणजे त्या चार तारांच्या छोट्या गिटारवर, एक बसवली. स्वतःची, कुणाची उचललेली नाही. संगीताच्या बाईंना ती आवडली. मी घरी जाऊन फोनवर रेकॉर्ड केली आणि ऐटीत त्यांना दिली. बाईंनी हेडफोन लावले, डोळे मिटले, मान डोलावली, मग मान थांबली.

"धून छान आहे गं," त्या म्हणाल्या. "पण तिच्यात कुणीतरी 'क्लच सोड, हळू सोड' म्हणतंय."

बाबा. शेजारच्या खोलीतून, फोनवर, एका घाबरलेल्या विद्यार्थ्याला.

मी पुन्हा रेकॉर्ड केली, तर मिक्सर आला. पुन्हा केली, तर वरच्या मजल्यावरच्यांनी खुर्ची ओढली. कपाटात बसून केली, तर माझीच शिंक. शेवटी बाईंनी शाळेतला छोटा रेकॉर्डिंगचा डबा मला दोन दिवसांसाठी दिला. त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात, पण दिसायला डबाच. वाद्याची केबल त्यात खुपसायची, डबा फोनला जोडायचा, की वाद्याचा आवाज थेट आत जातो. खोलीत कुणी काहीही बोंबलो.

"सोमवारी सकाळी डबा आणि धून दोन्ही माझ्या टेबलावर," बाई म्हणाल्या. "नाहीतर कीबोर्डमध्ये एक तयार धून आहे, ती लावू. मला काही ती फारशी आवडत नाही, पण स्वच्छ आहे."

ती तयार धून सगळ्यांना माहीत आहे. लिफ्टमध्ये अडकल्यावर वाजते तसली. माझी धून जाणार आणि तिच्या जागी *ती* येणार? मला रात्रीचं जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण कमी.

आता अडचण एवढीच, की माझी युकुलेली मावसभावाची जुनी, साधी. तिला केबल लावायला भोकच नाही. मला पिकअपवाली हवी होती, म्हणजे पोटात आवाज पकडणारा तुकडा बसवलेली. नुसती वाजवली तर साधी युकुलेली, केबल लावली तर थेट रेकॉर्डिंग. मी घरात रीतसर भाषण दिलं. पिकअपचे प्रकार, लाकडाचे प्रकार, मापांचे प्रकार: सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर. इतके व्हिडिओ बघितले होते की मी झोपेत दुकान चालवलं असतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. "बरं, घेऊ या," ती म्हणाली. "पण तपासून."

बाबांचा पाय फरशीवर दाबला गेला.

शनिवारी संध्याकाळी आम्ही वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार काका फार गोड बोलणारे. भिंतीवरून एकेक युकुलेली उतरवताना त्यांचा आवाज असा व्हायचा, जसं काही झोपलेलं बाळ उचलतायत.

"हिचं लाकूड बोलतं, ताई," ते आईला म्हणाले.

"काय म्हणतं?" आईनं विचारलं.

मी लगेच मध्ये पडले. "आई, म्हणजे टोन. वरची फळी सॉलिड असली की टोन उबदार येतो. प्लायवुडचा सपाट येतो. ऐकलं की लगेच कळतं."

"लगेच?" आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत चष्म्याच्या दुकानातली ती तपासणीची चमक आली. "मग पाठ कर इकडे. भिंतीकडे बघ. भाऊ, तुम्ही केबल लावून वाजवा. नुसती एकदा वरून खाली."

मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर ढोलकीचं चित्र होतं. मागे ॲम्प्लिफायरमधून एक झंकार आला. थोड्या वेळानं दुसरा.

"पहिला बरा की दुसरा?" आई.

"दुसरा," मी ठणकावून सांगितलं. "जास्त उबदार."

"वा!" काका म्हणाले. "कान आहे हो मुलीला."

पुन्हा दोन झंकार. "आता?"

"आता पहिला. दुसऱ्यात तळाचा आवाज पोकळ आहे. स्वस्तातला पिकअप असणार."

"अगदी बरोबर पकडलंत!" काका. आता ते मला अहोजाहो करायला लागले होते. माझी मान ताठ झाली. तिसऱ्या वेळी तर मी 'मध्यम पट्टीत धुकं आहे' असं काहीतरी बोलले. ते कुठून आलं मलाच माहीत नाही.

"वळ आता," आई म्हणाली.

काकांच्या हातात एकच युकुलेली होती. बाकीच्या सगळ्या भिंतीवर, जिथल्या तिथे. आणि बाबा तोंडावर रुमाल धरून एका ड्रमवर बसले होते.

"सगळ्या वेळी हीच?" मी विचारलं.

"हीच," आई म्हणाली.

"पण काका तर म्हणाले..."

काका भिंतीवरची एक सतार सरळ करायला गेले. ती सरळच होती.

"ज्यातला फरक आपल्याला कळत नाही, ते घाईनं घेऊ नये," आई म्हणाली. "उद्या पुन्हा येऊ."

"दुकान उद्या अर्धाच दिवस उघडं असतं!" मी ओरडले. "आणि परवा सकाळी द्यायचंय! आई, लिफ्टची धून लागेल!"

"मग उद्या सकाळीच येऊ."

घरी येईपर्यंत बाबा गाडीतले इंडिकेटर लावताना मला विचारत होते, "डावा बरा की उजवा? दोन्हीत धुकं आहे का गं?" मी मागच्या सीटवर तोंड फुगवून बसले होते. फुगलेलं तोंडसुद्धा कुणी बघत नव्हतं, म्हणून मी मधून मधून उसासे टाकत होते.

जेवताना मात्र आईच माझ्याशेजारी येऊन बसली.

"रागावू नकोस. मी रोज असंच करते. तीच काच दोनदा लावते आणि विचारते, हे बरं की हे."

"का? छळायला?"

"अगं, माझ्याकडे येणारी माणसं डोळे दाखवायला येत नाहीत, पास व्हायला येतात. एका आजोबांनी तर बाहेर बसल्या बसल्या अक्षरांचा अख्खा तक्ता पाठ केला होता. मी वेगळा तक्ता लावला, तरी त्यांनी जुनाच म्हणून दाखवला. न चुकता. खणखणीत." आई हसली. "सगळे काहीतरी ठाम उत्तर देतात. 'सारखंच दिसतंय' म्हणायची हिंमत फार थोड्यांना होते. पण जो म्हणतो ना, त्याचा चष्मा बरोबर बनतो."

मी ते मनात पक्कं करून ठेवलं. सारखंच. अस्सं होय. उद्या बघ.

रविवारी सकाळी दुकानाचं शटर वर जायच्या आधी आम्ही दारात. मी माझी पाठीवरची सॅक घेऊन गेले होते, आत शाळेचा डबा, हेडफोन, केबल. काकांनी आम्हाला बघून कपाळाला हात लावला नाही एवढंच.

"फिर," आई म्हणाली.

मी ढोलकीच्या चित्राकडे तोंड केलं. झंकार. दुसरा झंकार. दुसरा जरा जाड वाटला. पण मी काय काल जन्मले होते?

"पहिला बरा की दुसरा?"

"सारखेच," मी म्हणाले.

मला वाटलं, आई खूश झाली.

पुन्हा दोन. यातला एक तर फारच टणत्कारी होता. आई मुद्दाम आवाजाचं बटण फिरवत असणार. "सारखेच."

आणखी दोन. "सारखेच, आई. मला आता कळलंय तुझं."

"वळ."

मी वळले. काकांच्या पुढ्यात सगळ्यात छोटी सोप्रानो होती, सगळ्यात मोठी टेनर होती, आणि त्यांच्या हातात जे होतं त्याला तारांच्या चार जोड्या होत्या.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मँडोलिन," काका अपराधी चेहऱ्यानं म्हणाले. "ताई म्हणाल्या, वाजवा."

बाबांना ड्रमवरून उठावं लागलं, कारण ते हसताना ड्रम वाजत होता.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दुकानातलं घड्याळ पुढे पळत होतं, काका दुपारी कुलूप लावणार होते, आणि परवा अख्ख्या शाळेत लिफ्ट वाजणार होती. आणि मग पाण्याच्या मागून राग आला, आणि रागाच्या मागून एकदम एक विचार.

"आई, तुझी तपासणीच चुकतेय," मी म्हणाले.

बाबांचा पाय खाली दाबला गेला. दुकानात ब्रेक नव्हता.

"कशी?" आई म्हणाली. खरंच विचारत होती, चिडून नाही.

"तू मला भिंतीकडे बघायला लावतेस. मी काय पाठमोरी वाजवणार आहे? आणि काका नुसतं वरून खाली तारा छेडतात. माझी धून तशी नाहीच. तू कुणाला चष्मा देतेस तेव्हा तो काय वाचणार, ते विचारतेस ना? पेपर वाचणार की गाडी चालवणार? मग मला माझी धून वाजवू दे. माझ्या डब्यात. आणि मग ऐकू दे."

आईनं काकांकडे बघितलं. काकांनी स्टूल पुढे केलं.

मी डबा काढला, फोनला जोडला, केबल खुपसली. माझी धून अशी आहे: तीन ओळी तारांवर, आणि प्रत्येक ओळ संपली की बोटांच्या पेरांनी लाकडावर दोनदा ठोकायचं, टक टक, मग पुढची ओळ. ते ठोकणं मी मुद्दाम ठेवलंय. मला वाटतं, बातम्या येण्याआधी कुणीतरी दारावर आल्यासारखं वाटावं.

पहिली घेतली ती काकांची लाडकी टेनर. चकचकीत, कडेला बटणंच बटणं, तार जुळवायला छोटा दिवासुद्धा. वाजवायला मजा आली. मग हेडफोनमध्ये ऐकली आणि तोंड वाकडं झालं. नुसती ऐकताना भरदार वाटणारी ती, केबलमधून अशी येत होती जशी कुणी प्लॅस्टिकच्या पट्टीवर नखं आपटतंय. मी बटणं इकडे तिकडे फिरवली. पट्टी जाड झाली, बारीक झाली, पण पट्टीच राहिली.

दुसरी मधल्या मापाची, कॉन्सर्ट. ती मात्र गोड. प्रत्येक सूर वेगळा, पुसलेला, मोत्यासारखा. मी हेडफोन आईच्या कानाला लावले. तिचा चेहरा खुलला.

"ही," ती म्हणाली. "एकदम स्वच्छ. काच पुसून ठेवल्यासारखी."

मीही घेऊनच टाकणार होते. पण तिसरी अजून बाकी होती, आणि आईची मुलगी असल्यामुळे मला बाकी ठेवता येत नाही.

तिसरी पण कॉन्सर्टच. मातकट रंग, चमक नाही, दिवा नाही, आवाजाचं एकच गोल बटण. काकांनी ती उतरवतानाही काही काव्य केलं नाही. मी वाजवली. ऐकली. पुन्हा दुसरी ऐकली. पुन्हा तिसरी. बाबा काहीतरी बोलले, मी हात वर केला. त्या दहा-पंधरा मिनिटांत मी एक शब्द बोलले नाही, असं बाबा नंतर सगळ्यांना सांगत होते, आणि त्यांना काळजी वाटली होती म्हणे.

"काय गं?" शेवटी आई.

"ही घ्यायची. तिसरी."

"दुसरी जास्त स्वच्छ आहे."

"आहे. मला कळतंय. सूर तिच्यात जास्त छान आहेत." हे बोलताना मला बोलायला काही शोधावं लागत नव्हतं. "पण दुसरीत माझं टक टक येत नाही. म्हणजे येतं, पण कुणी उशीवर ठोकल्यासारखं. तिचा पिकअप तारांखालच्या पट्टीत आहे, तो तारांचंच ऐकतो. हिचा आत लाकडाला चिकटवलेला आहे, हिला लाकूडही ऐकू येतं."

काकांनी युकुलेलीच्या भोकातून आत टॉर्च मारला. "हो," ते म्हणाले. "आत चिकटवलेलाच आहे." मग जरा वेळानं, हळूच, "मीही आज पहिल्यांदाच बघितलं."

आईनं हेडफोन घेतले. दोन्ही ऐकल्या. "हिच्यात तुझी बाहीसुद्धा ऐकू येतेय. लाकडाला घासते ती."

"बाही दुमडेन."

"ही बरी की ही? नीट विचार करून सांग."

"ही."

"मला अजून दुसरीच बरी वाटते."

"वाटू दे," मी म्हणाले.

म्हणाले आणि मलाच धस्स झालं. आमच्या घरात आईला 'वाटू दे' आजवर कुणी म्हटलेलं नाही. बाबांनी तर लग्नापासून नाही. त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर गच्च होते, क्लच आणि ब्रेक दोन्ही.

आईनं हेडफोन काढून माझ्या गळ्यात अडकवले. मग काकांना म्हणाली, "ही बांधून द्या."

"पण ताई, तुम्हाला तर ती दुसरी..."

"मला नाही लावायचीय," आई म्हणाली. "नाक तिचं आहे."

काकांना काही कळलं नाही. बाबांना कळलं. त्यांनी दुकानाच्या दारात आईला विचारलं, "मग तेव्हा मला कुणी विचारलं होतं का, की नाक कुणाचं?" आणि आई म्हणाली, "तुमचं नाक बघूनच तर दोनदा बोलावलं." पुढे गाडीपर्यंत दोघं हसत होते आणि मी माझी युकुलेली छातीशी धरून एकटी शहाण्यासारखी चालत होते.

दुपारी मी बाह्या दुमडून बसले. शेजारच्या खोलीत बाबा फोनवर कुणालातरी "आरसा बघ, आरसा! मागचा!" असं जीव तोडून सांगत होते. केबलमध्ये त्यातलं काही शिरलं नाही. मी मधे दोनदा शिंकले आणि एकदा चिडले, तेही शिरलं नाही. सोमवारी सकाळी डबा आणि धून दोन्ही बाईंच्या टेबलावर. त्यांनी हेडफोन लावले, डोळे मिटले, मान डोलावली, आणि या वेळी शेवटपर्यंत डोलत राहिली.

मंगळवारी पहिला तास गणिताचा. आमचे गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून एक लांबलचक समीकरण लिहीत होते. ते एकदा लिहायला लागले की भूकंप झाला तरी बरोबरचं चिन्ह पूर्ण करून मगच वळतील. फळ्याच्या वर कोपऱ्यात लावलेला स्पीकर खरखरला. आणि माझी धून सुरू झाली. वर्गातल्या पुढच्या बाकापासून मागच्यापर्यंत माना माझ्याकडे वळल्या. मी समोर बघत होते, पण इतकी हसत होते की गाल दुखायला लागले.

पहिली ओळ संपली.

टक टक.

"आत या," सर न वळता म्हणाले.

कुणी हललं नाही. दुसरी ओळ संपली. टक टक.

"अहो, या ना आत!" सर म्हणाले, आणि खडू घेऊन स्वतःच दार उघडायला गेले. बाहेर रिकामा व्हरांडा. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. वर्गात कुणी डेस्कात डोकं खुपसलं होतं, कुणी स्वतःची वही चावत होतं. सर आत आले, आणि नेमकी त्याच वेळी तिसरी ओळ संपली. टक टक. स्पीकरमधून.

सरांनी हळूच मान वर करून स्पीकरकडे बघितलं.

"कोण आहे हे?" ते म्हणाले.

मी उभी राहिले. "मी आहे, सर."